पुनवेचा उजेड कोणाच्या कामाचा?

बुद्धपौर्णिमा झाली. मचाणावर रात्र काढून आलेल्यांचे फोटो फिरले, कुठल्या पाणवठ्यावर किती रोही नि किती रानडुकरं दिसली तेही छापून आलं. या मोजदादीला शास्त्रीय गणना म्हणण्याचे दिवस कॅमेरा ट्रॅप आल्यापासून संपले. वन विभागही आता ‘निसर्गानुभव’ म्हणतो. पण पौर्णिमेला जनावरं बाहेर पडतात, हा समज पैनगंगेच्या दोन्ही काठांना जाता जात नाही.

जनावरं येतात ती तहानेनं. वैशाखात किनवटच्या सागवानाला पान नसतं, नाले आटलेले असतात, मग उरलेल्या पाणवठ्यांवाचून जाणार कुठं? चंद्र लागतो तो मचाणावरच्या माणसाला. पौर्णिमेचा चंद्र सांजेला उगवतो, पहाटे मावळतो. रात्रभर दिसायची सोय. अष्टमीला तो अर्धा असतो, पण उजेड निम्मा नसतो, पौर्णिमेच्या जेमतेम दहावा हिस्सा.

‘पुनवेला चितळं फार ओरडतात,’ हेही ऐकवलं जातं. मध्य भारतात चितळांच्या माजाचा जोर उन्हाळ्यातच असतो. नर ओरडतो तो माद्यांसाठी आणि दुसऱ्या नरांना दटावायला. अमेरिकेतल्या एल्क हरणांचा माज सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, तोही दिवस लहान होत जातो त्या हिशोबानं. तिथले शिकारी नळी फुंकून एल्कच्या नराची शीळ हुबेहूब काढतात. तरीही चंद्राची कोष्टकं खिशात बाळगणारे आहेतच.

मग चंद्राचा काहीच संबंध नाही? आहे, पण पौर्णिमेच्या रात्रीपेक्षा तिच्या नंतरच्या रात्रींशी जास्त. सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियात १९८८ ते २००९ या काळात सिंहांनी माणसांवर केलेले शेकडो हल्ले तिथीवार तपासले. २०११मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की पौर्णिमा सरल्यावरच्या दिवसांत हल्ले वाढतात, तेही रात्रीच्या पहिल्या प्रहरात. उजेडात सिंहाला शिकार साधत नाही, तो उपाशी राहतो. वद्य पक्षात चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो, तेवढा अंधार त्याला मिळतो, आणि माणसं तेव्हा जागी, घराबाहेर असतात. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत उपास ताणणाऱ्या आपल्या घरांना ही वेळ वेगळी सांगायला नको.

सिंहाचं गणित रानडुकराला जसंच्या तसं लावता येणार नाही. पण २०१४मध्ये लॉरा प्रू आणि क्रिस्टोफर गोल्डन यांनी ५९ निशाचर सस्तन प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा डोळ्यांवर विसंबणारे प्राणी चांदण्यात जास्त वावरतात आणि नाकाकानांवर चालणारे सहसा कमी, असा कल दिसला. डुक्कर नाकावर चालणारं.

म्हणून मला मचाणापेक्षा लातूर-नांदेडच्या शेतातला माळा महत्त्वाचा वाटतो. वैशाखी पुनवेचा चंद्र आकाशात कलता राहतो. मार्गशीर्ष-पौषातला जवळजवळ डोक्यावरून जातो, तेव्हा शेतात तूर, हरभरा, ज्वारी उभी असते. कोणत्या तिथीला किती वाजता डुकरं शिरली, एवढं दोन हंगाम वहीत टिपलं तरी झटका मशीनच्या बॅटरीवर आणि जागलीच्या झोपेवर कुठं काटकसर करायची ते ठरवता येईल. वन विभागाला नुकसानभरपाईचे पंचनामे करावेच लागतात. त्यात तिथी-वेळेचा एक रकाना वाढवायला कितीसा खर्च येतो?