ओटीपोटातली गाठ (भाग ५) : पेशंट टेबलवर असताना

सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्ततपासणीने संशय वाढतो किंवा ओसरतो, हे मागच्या भागात पाहिलं. पण अंडाशयातल्या गाठीचं नेमकं नाव बहुतेकदा पोट उघडल्यावरच कळतं. संशयास्पद गाठीत आधी सुई घालणं टाळतात, कारण ती कर्करोगाची असली तर त्यातल्या पेशी पोटात सांडण्याची भीती असते. म्हणून गाठ शक्यतो न फोडता अख्खी काढायची आणि बाई भुलेखाली असतानाच तिचा छडा लावायचा. या तपासणीचं नाव ‘फ्रोझन सेक्शन’, डॉक्टर मंडळी तिला नुसतं ‘फ्रोझन’ म्हणतात.

काढलेला तुकडा क्रायोस्टॅट नावाच्या यंत्रात उणे वीस अंशांच्या आसपास गोठवतात, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साधारण अर्ध्या तासात ऑपरेशन थिएटरमध्ये निरोप येतो. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये १९०५ साली लुई विल्सन यांनी ही पद्धत रुळवली, तेव्हा त्यांनी ऊती गोठवायला खिडकीबाहेरची कडाक्याची थंडी वापरली होती.

असं ऑपरेशन कुठे करून घ्यायचं? पनवेलजवळ कळंबोलीत एमजीएमचं महिला व बाल रुग्णालय आहे, शेजारी कामोठ्यात त्यांचं वैद्यकीय महाविद्यालय आणि थोडं पुढे खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक. गाठीचं निदान झालेल्या पनवेल परिसरातल्या बाईला मुंबईच गाठावी लागते असं नाही. मात्र प्रत्येक नर्सिंग होममध्ये फ्रोझनची सोय नसते. यंत्र लागतंच, शिवाय त्या तासाला हजर असलेला अनुभवी पॅथॉलॉजिस्टही लागतो. गाठ संशयास्पद असेल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हे विचारून घ्यायलाच हवं.

आपल्याकडे फ्रोझनचा मोठा उपयोग होतो तो क्षयरोगात. पोटात पाणी, वजन घटलेलं, सीए-१२५ वाढलेलं, सोनोग्राफीत अंडाशयाजवळ गोळा : सगळं चित्र पुढे गेलेल्या कर्करोगाचं. पोट उघडावं तर आतड्यांवर, पोटाच्या अस्तरावर बाजरीएवढे पांढरे दाणे पसरलेले. नुसत्या डोळ्यांनी पाहून ठरवलं तर गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली जातील. फ्रोझनमध्ये क्षयाच्या गाठींची खूण, म्हणजे ग्रॅन्युलोमा, दिसला तर बहुधा एवढं मोठं ऑपरेशन टळतं. क्षय गोळ्यांनी बरा होतो. तरुण मुलीच्या बाबतीत हा फरक केवढा असेल! अशा वेळी एक तुकडा फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये पाठवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होत नाही.

फ्रोझनवर किती विसंबायचं? कॉक्रेनच्या २०१६ च्या आढाव्यात ३८ अभ्यासांतल्या ११,१८१ स्त्रियांची माहिती तपासली होती. त्यावरून मांडलेला हिशेब असा : हजार जणींपैकी २९० जणींना कर्करोग असेल, तर फ्रोझन त्यातल्या २६१ जणींचा ओळखतं आणि २९ जणींचा निसटतो. कर्करोग नसताना तो आहे असं सांगितलं जातं ते फक्त चौघींना. म्हणजे ‘आहे’ या उत्तरावर बराच भरवसा ठेवता येतो, ‘नाही’वर थोडा कमी. चुका जास्त होतात त्या ‘बॉर्डरलाइन’, म्हणजे धड साध्या नाहीत आणि धड कर्करोगाच्याही नाहीत अशा गाठींत आणि चिकट द्रवाने भरलेल्या म्युसिनस गाठींत. यातल्या काही भल्यामोठ्या असतात आणि तपासलेल्या तुकड्यात नेमका रोगट भाग येईलच असं नसतं.

निदान टेबलवर होत असलं तरी परवानगी भुलेआधीच घ्यावी लागते. दिल्लीतल्या एका खटल्यात बाईची संमती दुर्बिणीने तपासणी करण्यापुरती आणि गरज पडली तर पोट उघडण्यापुरती होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईला विचारून गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. बाई सज्ञान आणि जीव तातडीच्या धोक्यात नसताना आईची संमती चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिला. त्यामुळे ‘कर्करोग निघाला तर काय काढणार, बॉर्डरलाइन निघाला तर काय ठेवणार, मूल हवं असेल तर काय’ हे संमतीपत्रात लिहून घेणं डॉक्टरांच्याही हिताचं आहे.

पक्का रिपोर्ट मेणात बसवलेल्या तुकड्यावरून, म्हणजे ब्लॉकवरून, काही दिवसांनी येतो आणि तोच अखेरचा मानतात. तो फ्रोझनपेक्षा वेगळा निघाला तर कधी दुसरं ऑपरेशन करावं लागतं. डिस्चार्ज घेताना ब्लॉक आणि स्लाइड कुणाकडे आणि कधी मागायच्या, हे विचारून ठेवावं. टाटाच्या खारघर किंवा परळच्या रुग्णालयात दुसरं मत घ्यायला गेल्यावर पहिल्यांदा त्याच मागतात.