वकिलाचे शुल्क : करारस्वातंत्र्य आणि त्याची मर्यादा

वकील व पक्षकार यांच्यातील शुल्काचा करार हा मूलतः खाजगी स्वरूपाचा असतो. १९२६ च्या विधिव्यवसायी (फी) अधिनियमाने शुल्क परस्पर संमतीने ठरविण्यास मान्यता दिली. संपूर्ण दाव्यासाठी ठोक रक्कम, प्रत्येक तारखेचे शुल्क आणि संस्थांकडून मिळणारे नियमित मानधन या त्याच्या रूढ पद्धती होत. मात्र निकालावर अवलंबून असणारे किंवा मिळणाऱ्या रकमेतील हिश्श्याच्या रूपातील शुल्क भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी निषिद्ध मानले आहे. दाव्याच्या फलितात वकिलाचाच हितसंबंध गुंतल्यास न्यायालयाप्रती असलेल्या त्याच्या कर्तव्यास बाधा येते, ही यामागील भूमिका आहे. बी. सुनीता प्रकरणात (२०१७) पतीच्या अपघाती मृत्यूबद्दल मिळालेल्या भरपाईवर टक्केवारीने मागितलेले शुल्क सर्वोच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविले.

या निर्बंधाला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत अपघात भरपाईच्या दाव्यांत असे शुल्क सामान्यतः मान्य असल्याने निर्धन व्यक्तीसही आगाऊ खर्चाविना दाद मागता येते. भारतात ती वाट बंद असल्यामुळे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मिळणाऱ्या मोफत विधी साहाय्याचे महत्त्व वाढते. हे साहाय्य गरजूपर्यंत पोहोचले नाही, तर त्याच्या रक्षणासाठी केलेला निर्बंधच त्याला न्यायालयाच्या दाराबाहेर ठेवील.