गोळीचे पैसे मिळतात, सल्ल्याचे मिळवावे लागतात

अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानात गोळ्यांची बाटली पिशवीत पडायच्या आत विमा कंपनीचं उत्तर आलेलं असतं. रुग्णाच्या कार्डावरचे आकडे संगणकात टाकले की काही सेकंदांत कळतं, विमा किती देणार आणि रुग्णानं खिशातून किती भरायचे. हा सगळा व्यवहार दुकानाच्या नावावर होतो. पण समजा, त्याच दुकानातल्या फार्मासिस्ट बाईंनी मधुमेहाच्या एखाद्या आजींना शेजारच्या खोलीत बसवलं, त्यांच्या दहा-अकरा औषधांची छाननी केली, एकत्र घेऊ नयेत अशी दोन औषधं शोधून काढली आणि इन्सुलिन कसं टोचायचं ते नीट दाखवलं. या अर्ध्या तासाचं बिल त्या वाटेनं जात नाही. ते डॉक्टरांच्या बिलासारखं, वेगळ्या नमुन्यात आणि त्या बाईंच्या स्वतःच्या नावानं पाठवावं लागतं. तिथं विमा कंपनी आधी विचारते, या कोण?

या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यात अमेरिकेतले फार्मासिस्ट गेली कित्येक वर्षं गुंतले आहेत. शिक्षण कमी पडतं असं अजिबात नाही. ‘फार्म. डी.’ ही पदवी, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा, बहुतेक राज्यांत कायद्याची वेगळी परीक्षा आणि मग राज्याच्या फार्मसी बोर्डाचा परवाना एवढं पार करूनच माणूस काउंटरमागे उभा राहतो. वॉशिंग्टन राज्यानं तर 1979 सालीच डॉक्टरांशी लेखी करार करून औषध सुरू करण्याची आणि मात्रा बदलण्याची मुभा फार्मासिस्टना दिली होती. काम करायची परवानगी अशी लवकर मिळाली, मोबदला मात्र दूर राहिला.

मोबदला दिला तर काय होतं, हे नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल शहरानं दाखवून दिलं. आपल्या कर्मचाऱ्यांच्या औषधोपचाराचा खर्च तिथली नगरपालिका स्वतःच उचलत होती. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिनं मधुमेह असलेल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षित फार्मासिस्टकडे नियमित पाठवायला सुरुवात केली आणि त्या भेटींचे पैसे फार्मासिस्टना दिले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रुग्णांची साखर सुधारलेली, आजारपणाच्या रजा घटलेल्या आणि उपचारांचा एकूण थेट खर्चही कमी झालेला दिसला. औषधांवरचा खर्च वाढला होता, कारण लोक औषधं वेळेवर घेऊ लागले होते. तरीही बेरीज नगरपालिकेच्या फायद्याचीच निघाली.

एका नगरपालिकेनं ठरवणं आणि शेकडो विमा योजनांनी मान्य करणं यांत फार अंतर आहे. ते कायद्यानं कापायला सुरुवात केली ती पुन्हा वॉशिंग्टन राज्यानंच. 2015 मध्ये गव्हर्नर जे इन्स्ली यांनी सही केलेल्या कायद्यानं खासगी आरोग्य विमा कंपन्यांना बजावलं की, परवान्याच्या कक्षेत बसणारी सेवा फार्मासिस्टनं दिली आणि तीच सेवा डॉक्टर किंवा नर्सनं दिल्यावर विमा पैसे देत असेल, तर फार्मासिस्टलाही द्यावे लागतील. त्यांना पॅनेलवर, म्हणजे कंपनीच्या मान्यताप्राप्त यादीत, घ्यावं लागेल. रुग्णालयांतल्या फार्मासिस्टची सोय 2016 पासून झाली, बाकीच्यांची 2017 पासून.

पॅनेलवर येण्याची वाट लांब आहे. सुरुवात सोपी आणि फुकट असते. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज केला की दहा आकडी ओळख क्रमांक मिळतो. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, सगळ्यांना तो असतो. राज्य बदललं, नोकरी बदलली तरी तो तोच राहतो. त्याला व्यवसायाचा एक सांकेतांक जोडलेला असतो आणि फार्मासिस्टचा सांकेतांक वेगळा आहे. पुढे याच सांकेतांकावरून अडचणी उभ्या राहतात, कारण वैद्यकीय बिलं तपासणाऱ्या यंत्रणा बांधल्या गेल्या तेव्हा त्यांत फार्मासिस्टचा विचारच नव्हता.

त्यानंतर येते पात्रतेची पडताळणी. बहुतेक कंपन्या त्यासाठी ‘सीएक्यूएच’ या संस्थेच्या सामाईक संकेतस्थळावरची माहिती वापरतात. पदवी, परवाना, व्यावसायिक चुकीच्या भरपाईसाठी काढलेला विमा, आधीच्या नोकऱ्या, सगळं तिथं भरायचं. मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्यांत सहा महिन्यांहून मोठा खंड असेल तर कारण द्यावं लागतं, वर्षाहून मोठा असेल तर लेखी. बाळंतपणासाठी किंवा आईवडिलांच्या आजारपणासाठी घरी थांबलेल्या बाईलाही यातून सूट नाही. शिवाय ही माहिती अजून बरोबर आहे, असं साधारण दर 120 दिवसांनी पुन्हा सांगत राहावं लागतं.

पाठवलेल्या प्रतींवर कंपनी विसंबत नाही. परवाना खरा आहे का, याची ती थेट बोर्डाकडून खातरजमा करून घेते. नुकसानभरपाईचे दावे आणि शिस्तभंगाच्या कारवाया नोंदवणारा सरकारी संग्रह 1990 पासून चालू आहे, तो तपासते. गैरव्यवहारामुळे सरकारी योजनांतून बाद झालेल्यांच्या यादीत नाव नाही ना, तेही पाहते. मग प्रकरण कंपनीच्या समितीपुढे जातं. या सगळ्यात काही महिने सहज निघून जातात.

ही तपासणी हवीच. रुग्णाच्या औषधात बदल करण्याचा अधिकार ज्याच्या हाती द्यायचा, त्याची कुंडली पाहायलाच हवी. खटकतं ते वेगळंच: एका कंपनीनं केलेली तपासणी दुसरी कंपनी मानत नाही. मोठ्या रुग्णालयांना ही पडताळणी स्वतः करून देण्याचे अधिकार कंपन्या सोपवतात, त्यामुळे तिथल्या फार्मासिस्टचं काम मार्गी लागतं. खेड्यातल्या एकट्या दुकानदाराला मात्र प्रत्येक कंपनीकडे पुन्हा हात जोडावे लागतात. सर्वांत जवळचा डॉक्टर तासाभराच्या अंतरावर असलेल्या गावात ज्या फार्मासिस्टची गरज सर्वाधिक, त्याच्याचकडे अर्ज भरायला माणूस नसतो, हा या व्यवस्थेतला खरा अन्याय आहे.

समितीनं होकार दिला म्हणजे काम संपलं, अशी अनेकांची समजूत होते. पुढे करार करायचा असतो, दर ठरतात, कराचा क्रमांक आणि बँक खातं जोडलं जातं आणि कंपनीच्या प्रणालीत नाव चढतं. त्यावर एक तारीख पडते. सहसा त्या तारखेआधी दिलेल्या सेवेचे पैसे मिळत नाहीत, म्हणून जाणकार फार्मासिस्ट सेवा सुरू करण्याच्या कितीतरी आधी अर्ज टाकून ठेवतात. बिलात आजाराचा सांकेतांक, भेटीचा सांकेतांक आणि त्याला आधार देणारी लेखी नोंद, तिन्ही जुळावी लागतात. औषधांच्या सर्वंकष आढाव्यासाठी फार्मासिस्टचे स्वतःचे तीन सांकेतांक आहेत आणि ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबानं चालतात. पण सांकेतांक आहे म्हणून प्रत्येक योजना पैसे देतेच असं नाही.

गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत राज्याराज्यांचं चित्र निराळं आहे. कॅलिफोर्नियानं 2016 च्या कायद्यानं ठराविक सेवांसाठी फार्मासिस्टना डॉक्टरांच्या दराच्या 85 टक्के रक्कम देण्याचं ठरवलं. ओहायोनंही अशीच वाट धरली.

सगळ्यात मोठी गाठ मेडिकेअरची आहे. पासष्टी ओलांडलेल्यांची ही केंद्रीय योजना आणि सर्वाधिक औषधं याच वयात घेतली जातात. तिच्या ‘भाग बी’मध्ये कोणाला सेवेचे पैसे द्यायचे हे सोशल सिक्युरिटी कायद्यात व्यवसायांची नावं घेऊन लिहिलं आहे. नर्स प्रॅक्टिशनर त्यात आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, 2024 च्या जानेवारीपासून कुटुंब-समुपदेशकही आले. फार्मासिस्ट नाहीत. दुकान म्हणून लस टोचण्यासाठी नोंदणी करता येते, ठराविक सोप्या चाचण्या करणारी प्रयोगशाळा म्हणूनही करता येते, पण माणूस म्हणून नाही. दवाखान्यात काम करणाऱ्या फार्मासिस्टच्या सेवेचं बिल त्यामुळे डॉक्टरांच्या नावानं, त्यांच्या देखरेखीखालची सेवा म्हणून जातं. कायदा बदलण्यासाठीची विधेयकं 2014 पासून वेगवेगळ्या नावांनी संसदेत पुन्हापुन्हा आली, पण कायदा झाला नाही. हा निव्वळ पैशांचा प्रश्न नाही. ज्याच्या नावावर काम लागत नाही, त्याच्या कामाचं मोजमापही होत नाही.

महाराष्ट्रातून बी. फार्म. होऊन अमेरिकेत गेलेल्यांसमोर याच्याही आधी एक अडसर आहे. परदेशी पदवीधरांना परवान्याआधी जे प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी 1 जानेवारी 2003 रोजी किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो, आणि आपली बी. फार्म. चार वर्षांची. भारतात 2008 पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म. डी. ही अट पूर्ण करतो.

एवढं सगळं पार केल्यावरही विमा कंपनीकडची नोंदणी कायमची नसते. दर तीन वर्षांनी पडताळणी नव्यानं होते. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरमधल्या फार्मासिस्टनं कोलंबिया नदीवरचा पूल ओलांडून ऑरेगनमधल्या पोर्टलंडला नोकरी धरली, तर आधी त्या राज्याचा परवाना, मग तिथल्या योजनांकडे नवे अर्ज. जुना राहतो तो फक्त दहा आकडी क्रमांक.