ऐकण्यासाठीं राखलेली खोली

वसईच्या किल्ल्याशेजारीं, खाडीच्या मुखापाशीं पाचूबंदर हें कोळ्यांचें गांव वसलें आहे. या किनाऱ्यावरील वस्त्यांतून लग्नाची वरात बँडवांचून शोभत नाहीं. ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ड्रम यांचा नाद एका आळींतून दुसऱ्या आळींत जातो आणि लहानथोर त्या तालावर नाचतात. परंतु बारकाईनें पाहणाराच्या ध्यानांत एक गोष्ट येईल. बँड सर्वांच्या कानांवर पडतो. ऐकत मात्र क्वचितच कोणी असतो. ट्रम्पेटवाल्यानें एखादी अवघड जागा सुरेख घेतली, तरी वधूवरांवर खिळलेली दृष्टि तिकडे वळत नाहीं. यांत वादकाचा अवमान नाहीं. प्रसंग लग्नाचा असतो आणि संगीत त्याच्या दिमतीला असतें. मग संगीत हाच जेथें प्रसंग असतो, असें ठिकाण कोणतें? संगीताचा छोटा क्लब हें त्या प्रश्नाचें उत्तर होय.

क्लब हा शब्द परका असला, तरी ही संस्था परकी नव्हे. पुणें गायन समाजाची स्थापना १८७४ मध्यें झाली. मुंबईंत प्रो. बी. आर. देवधर यांनीं १९२५ मध्यें संगीतविद्यालय काढलें. तेथें निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांच्या बैठकी होत, आणि १९३० नंतरच्या दशकांत बालवयांत तेथें शिकावयास आलेले कुमार गंधर्व त्या ऐकत वाढले. संस्थानिकांचा आश्रय आटत चालला, तेव्हां अशा मंडळांच्या सभासदांनीं लहान लहान वर्गणी देऊन कलावंताच्या बिदागीचा भार उचलला. एका धन्याच्या मर्जीच्या जागीं अनेक जाणत्यांची पसंती आली, हा कांहीं लहान फरक नव्हे.

बँडच्या संगीताला असा आश्रय आपल्याकडे उशिरां लाभला. १९३५ मध्यें लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जाझ-बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजूं लागला. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून स्वरलिपि वाचावयास शिकलेल्या अनेक वादकांनीं ही विद्या झपाट्यानें आत्मसात केली. ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ हे त्याच पिढीचे. यांतील पुष्कळजण पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. पण हॉटेलांत लोक जेवावयास आणि नाचावयास येत. म्हणजे वरातीचाच न्याय तेथेंहि लागू होता. २००७ मध्यें लोअर परळ येथील मथुरादास मिलच्या आवारांत ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब निघाला. तेथें मंचासमोर चढत्या पायऱ्यांनीं गोल बैठका मांडलेल्या होत्या. स्वतःच्या रचना वाजविणाऱ्या बँडांना तो मोठा आधार होता. २०१६ मध्यें तो बंद झाला.

अशी जागा लहानच कां असावी? न्यूयॉर्कमध्यें १९३५ साली उघडलेला ‘व्हिलेज व्हँगार्ड’ हा जाझचा क्लब एका तळघरांत आहे, आणि त्यांत सव्वाशेच्या आसपासच माणसें बसतात. लिव्हरपूल येथील ‘कॅव्हर्न’ हा क्लबहि तळघरांतच १९५७ मध्यें निघाला. तेथें १९६१ ते १९६३ या काळांत बीटल्स मंडळींनीं जवळजवळ तीनशें वेळां वादन केलें. त्याच त्या श्रोत्यांपुढें पुन्हां पुन्हां उभें राहावयाचें म्हणजे तीच ती गाणीं चालत नाहींत. नवें कांहीं आणावें लागतें, आणि तें फसलें तर त्याच क्षणीं समोरच्या चेहऱ्यांवर उमटतें.

नादशास्त्रहि लहान खोलीच्याच बाजूचें आहे. अंतर दुप्पट झालें कीं थेट येणाऱ्या नादाची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून जवळ बसणाराला वादकाचा श्वासहि ऐकूं येतो. उंच छताच्या दगडी चर्चमध्यें नाद कित्येक सेकंद घुमतो. तेथें समूहगान खुलतें, परंतु ड्रमचे ठोके एकमेकांत मिसळून जातात. बँडच्या खोलींत नाद साधारणतः एका सेकंदाच्या आंत विरला पाहिजे. पडदे, गाद्या आणि श्रोत्यांचीं वस्त्रें उंच स्वर शोषून घेतात. खालचे स्वर त्यांना दाद देत नाहींत. त्यांसाठीं मागें पोकळी ठेवून भिंतीला लाकडी तक्ते बसवावे लागतात. श्रोत्यांच्या कानांचीहि काळजी घ्यावयास हवी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ मध्यें घातलेली मर्यादा अशी कीं, कोणत्याहि पंधरा मिनिटांची सरासरी शंभर डेसिबलच्या वर जाऊं नये.

शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न याहून नाजूक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत उघड्यावर ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं, आणि रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्याभोवतींचा शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता-क्षेत्र म्हणून जाहीर करतां येतो. धोबीतलावाच्या ‘रंगभवन’ या खुल्या रंगमंदिरांत १९७८ मध्यें पहिली ‘जाझ यात्रा’ भरली होती. जवळ रुग्णालयें आणि महाविद्यालय असल्यानें या नियमांपुढें तेथील जलसे थांबले. नियम अन्यायाचा नव्हे. रोग्याला झोप हवीच. परंतु उघडी जागा गेली म्हणजे नाद आंत कोंडून ठेवणारी बंद खोलीच उरते, आणि ती बांधावयास पैसा लागतो.

येथेंच क्लबाचें खरें दुखणें आहे. बसावयाचीं स्थळें थोडीं, भाडें शहराचें, आणि प्रवेशशुल्क श्रोत्याला झेपेल एवढेंच. ही तूट पुष्कळ ठिकाणीं खाद्यपेयांच्या विक्रीनें भरून काढतात. मग गिऱ्हाइकाची बडबड वाढते आणि संगीत पुनः दिमतीला जातें. जुन्या मंडळांची वर्गणीची पद्धति यावर अद्यापि उत्तम उपाय आहे. शंभर घरांनीं वर्षाची रक्कम आगाऊ दिली, तर महिन्यांतील एका संध्याकाळीं भाड्यानें घेतलेलें सभागृहहि पुरतें.

वसई रोडहून चर्चगेटला जावयास आगगाडीनें तास-सव्वा तास लागतो. मुंबईंतील जलशाला गेलेल्या श्रोत्याला शेवटल्या गाडीची चिंता लागून राहते. त्याहूनहि मोठी हानि वादकाची आहे. वरातींत त्याला चालू चित्रपटाचें गाणें मागतात, आणि तो तें वाजवितो. स्वतःची नवी चाल त्यानें बसविली, तर ती थांबून ऐकणारीं पन्नास माणसें त्याला कोठें मिळावींत? तीं मिळालीं नाहींत, तर ती चाल तो पुन्हां वाजविणार नाहीं. आणि आपण काय गमावलें हें कोणाला कळणारहि नाहीं.