जे दुखणे जात नाही, त्याच्याशी कसे नांदावे?



ऊस नोंदीला आणि प्लॉट पाहणीला गावोगाव फिरताना उसाबरोबर दुखण्यांचीही नोंद कानावर येते. कुणाला मधुमेह, कुणाला रक्तदाब, कुणाची कंबर धरलेली. साखर कारखान्यात असावी, रक्तात नसावी, असे आपण हसत म्हणतो. पण ज्याला गोळी जन्माची लागते त्याचे मन आतून खचते. "साहेब, आजार बरा होणारच नाही, तर औषध घ्यायचे कशाला?" हा प्रश्न अनेकांच्या तोंडी असतो.

बंधूंनो, कालव्याच्या पाण्याने चोपण झालेली जमीन आपण टाकून देतो का? चर काढतो, जिप्सम घालतो, ताग-धैंचा गाडतो. एका हंगामात ती सुधारत नाही, हे ठाऊक असूनही दरसाल निगा राखतो आणि तिच्यातून पीक घेतो. शरीराचेही तसेच आहे.

याचे मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ खडकाळ माळावर आनंदवन उभे केले. सुरुवातीला सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. कुष्ठरोग औषधाने बरा होतो, पण झडलेली बोटे परत येत नाहीत. तरीही त्याच हातांनी तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली. काय गेले यापेक्षा काय उरले, हे त्या माणसांनी मोजले.

पुढे बाबांनाच मणक्यांचे दुखणे जडले. बसणे अशक्य झाले. उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे, एवढेच उरले. पण काम थांबले नाही. 1985 साली सत्तरी ओलांडलेले बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर आणि बाबा गाडीत पडून! 1990 मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले. 2008 साली त्यांचे निधन झाले. पाठ शेवटपर्यंत बरी झाली नाही, पण त्यांचे आयुष्य त्या पाठीभोवती फिरत बसले नाही.

मनाची शांती म्हणजे औषध सोडून देवावर हवाला ठेवणे नव्हे. बाबांनीही आधी कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले आणि मग सेवा केली. तेव्हा गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गळिताच्या धांदलीतही वेळ चुकवू नका. साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळतो.

आणखी एक गोष्ट. कुष्ठरोगाप्रमाणे जुन्या मधुमेहातही पायाची संवेदना जाते. रात्रीच्या पाळीला अनवाणी दारे धरताना उसाचा बुडखा पायात घुसला तरी कळत नाही. जखम चिघळली तर पाय गमवायची वेळ येते. म्हणून रानात पायताण घालूनच जावे आणि रोज झोपण्यापूर्वी तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना पाहायला सांगावे. त्यात लाज कसली?

घरच्यांनीही आजारी माणसाला कोपऱ्यात बसवू नये. मोळी उचलता येत नसेल तर बेणे निवडता येते, टोळीचा हिशेब ठेवता येतो, नातवंडांचा अभ्यास घेता येतो. आपला उपयोग आहे, एवढे कळले तरी निम्मे दुखणे हलके होते.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसमार्गे रोटी घाटाकडे जाते. त्या गर्दीत गुडघे धरलेले, दम लागलेले कितीतरी म्हातारे-कोतारे असतात. पंढरपूर किती लांब, याचा घोर ते करीत नाहीत. आजचा मुक्काम गाठायचा, एवढेच पाहतात. जन्माची गोळीही जन्माची म्हणून घेऊ नये. आजची आज घ्यावी, उद्याची उद्या.

— ऊस विकास अधिकारी