कोंबडीखाद्यात अँटिबायोटिकऐवजी ओव्याचं तेल?
वजन वाढावं म्हणून खाद्यात रोज अँटिबायोटिक मिसळत असाल तर थांबवा. जंतू त्याला सरावतात, मग खऱ्या आजारात तेच औषध लागू पडत नाही. कोलिस्टिनवर तर जुलै 2019 पासून बंदीच आहे.

ओव्यातलं थायमॉल जंतूंच्या पेशीचं आवरण कमजोर करतं, म्हणून अशा तेलांची तयार मिश्रणं मिळतात. तेल उडून जातं. डबा उघडा किंवा उन्हात राहिला तर पैसे वाया. मात्रा लेबलप्रमाणेच. घरचं तेल अंदाजाने ओतू नका, वास उग्र झाला की पक्षी खाद्य कमी खातात.

शेडमधलं तूस ओलं असेल तर आधी ते बदला, तिथे तेल काय करणार! मरतुक दिसली तर लगेच पशुवैद्यकांना बोलवा. त्यांनी अँटिबायोटिक दिलं तर डोस पूर्ण करा आणि सांगतील तितके दिवस पक्षी विकू नका.