तिसरा बाण बरोबर लागतो
ब्राउझरमधल्या धनुर्विद्येच्या साध्या खेळात करायचं इतकंच: दोरी मागे ओढायची, कोन धरायचा, सोडायचं. पहिला बाण हमखास आखूड पडतो, दुसरा डोक्यावरून जातो. तिसऱ्याला हात आपसूक सुधारतो. खरी गोडी या दुरुस्तीतच आहे, गुणांत नाही.

बाणाला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण खऱ्या धनुर्विद्येतही असतं. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असतं. सेकंदाला ६० मीटर वेगाचा बाण खांद्याच्या उंचीवरून अगदी आडवा सोडला, तर तो जेमतेम अर्ध्या वाटेत जमिनीला टेकेल. म्हणून नेम वर धरायचा, म्हणजे बाण कमान घेत लक्ष्यावर उतरतो. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेल्या, आता विजापुरात असलेल्या ‘मलिक-ए-मैदान’ तोफेच्या गोळ्यालाही हीच कमान घ्यावी लागे.